हरवलेल्यांचा माग

मराठी भाषेत 'हरवणे' या क्रियापदाची एक गंमत आहे. 'माझी छत्री हरवली' असे आपण म्हणतो आणि 'बाजारात पोर हरवले' असेही म्हणतो. छत्री आणि पोर, दोहोंना आपल्याला एकच क्रियापद पुरते. सरकारी कागदाला मात्र ते पुरत नाही. तेथे माणूस 'बेपत्ता' असतो, म्हणजे ज्याचा पत्ता नाही असा. घरच्या माणसाला तो माणूस हवा असतो, कागदाला त्याचा पत्ता हवा असतो. आणि जुन्या मराठी दप्तरांत डोकावले तर तिसराच एक शब्द भेटतो, 'परागंदा'. दुष्काळाने, स्वारीने किंवा साऱ्याच्या जाचाने गाव सोडून गेलेले कूळ ते परागंदा. अशा कुळांनी परतावे, ओसाड गाव पुन्हा वसवावा, म्हणून सरकार कौल देत असे. इतकी वर्षे सारा माफ, पुढे इतकी वर्षे निम्मा, अशी लालूच त्यात असे. म्हणजे हरवलेल्या माणसाला परत बोलावण्याची चाल राज्यकर्त्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. फक्त तो माणूस सारा भरणारा असावा लागे! वेडी म्हातारी, मुके पोर, चित्त ठिकाणावर नसलेला तरुण यांच्याकडून सारा यावयाचा नसतो. त्यांच्यासाठी कौलनामे निघाल्याचे मी कोठे वाचलेले नाही.

मी शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, व्यवसाय पोरांना इतिहास-भूगोल शिकविण्याचा आणि व्यसन कादंबऱ्या लिहिण्याचे. कादंबरीत एखादे पात्र हरवून टाकणे फार सोपे असते. एक परिच्छेद पुरतो. ते पात्र शोधून काढावयाचे म्हटले म्हणजे शंभर पाने लागतात. व्यवहारातही असेच आहे, हे या विषयाच्या मागे लागल्यावर माझ्या ध्यानात आले. राजांचा, लढायांचा, करांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. हरवलेल्या दुबळ्या माणसाला शोधावयास कोण निघाले, याचाही एक इतिहास आहे. तो फारसा कोणी सांगत नाही, म्हणून या दिवाळीला तो सांगावा असे मनात आले.

आपल्या गावगाड्यात शोध घेण्याची विद्या नव्हती असे नाही. रामोशी, महार, जागल्ये ही मंडळी पायांच्या ठशांवरून माग काढण्यात वाकबगार होती. पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. गावात चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढीत जावयाचे; माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करावयाचा; ज्या गावात माग संपेल, त्या गावाने नुकसान भरून द्यावयाचे. शिवेपाशी माग हवाली करण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते. 'आमच्या हद्दीत नाही' असे म्हणून हात झटकण्याची सोय तीत नव्हती. पण ही सारी व्यवस्था बैलासाठी, दागिन्यासाठी, धान्यासाठी होती. पोर हरवले तर कोतवाल दवंडी पिटी, आणि बाकीचे काम आईच्या पायांवर सोडले जाई.

माणसांसाठी शिस्तशीर व्यवस्था महाराष्ट्रात प्रथम केली असेल तर ती वारीने. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीसोहळ्याला आजचे रूप दिले हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हा गृहस्थ शिंद्यांच्या पदरी होता. लष्कर कसे चालते हे त्याने पाहिलेले होते. त्याने भक्तांचे लष्कर उभे केले. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची जागा ठरलेली. याचा अर्थ असा की वारकरी एकटा नसतो, तो अमक्या दिंडीचा असतो. आळंदी ते पंढरपूर लाखो माणसे पायी चालत असता एखादी अशिक्षित म्हातारी वाट चुकली, तर तिला गावाचे नाव सांगता आले नाही तरी दिंडीचा क्रमांक सांगता येतो, आणि रथाच्या पुढची की मागची एवढे कळले तरी तिला नेऊन पोचविणारा कोणीही भेटतो. मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचा टाळ मात्र वाजत राहतो. चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकतो. मग हरवल्यासापडल्याचा पुकारा होतो. एवढ्या अफाट समुदायात एका माणसाचे हरवणे सर्वांना थांबून ऐकावे लागते, ही रीत ज्याने घातली त्याला मी मोठा प्रशासक समजतो.

उत्तरेत हेच काम एका तरुणाने एकट्याने सुरू केले. प्रयागच्या मेळ्यात १९४६ साली राजाराम तिवारी नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला एक चुकलेली म्हातारी भेटली. पत्र्याचा कर्णा करून, ओरडत हिंडून त्याने तिची माणसे शोधून दिली. त्यातून 'भूले-भटके शिबिर' उभे राहिले. पुढे सात दशके प्रत्येक मेळ्यात तिवारींचा तंबू पोलिसांच्या जोडीने उभा राहिला. २०१६ साली ते वारले, तोवर हे काम त्यांनी सोडले नाही. मेळ्यात हरवलेले दोन भाऊ ही हिंदी चित्रपटांनी चावून चोथा केलेली कल्पना आहे, आणि आपण तिला हसतो. पण त्या तंबूत चित्रपटातले देखणे भाऊ क्वचितच बसलेले असत. तेथे असत बहुधा म्हाताऱ्या बायका. नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही हा त्यांच्यावरचा संस्कार, आणि गावाचे नाव विचारावे तर तेच नाव चार जिल्ह्यांत आढळावयाचे. हरवणारा कोण असतो याचा हा पहिला धडा. ज्याला आपली ओळख सांगता येत नाही, तोच खरा हरवतो. तुम्ही-आम्ही फार तर वाट चुकतो.

आता आमच्या नागपूरकडे वळू. मी रामदासपेठेत राहतो. पूर्वी ही बंगल्यांची शांत वस्ती होती. आज ती दवाखान्यांची पेठ झाली आहे. विदर्भातून, छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातून, तेलंगणातून रोगी येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे म्हातारे नातलग येतात. मुलगा औषधाच्या दुकानापुढे रांगेत असतो आणि बाप चहा घ्यावयास म्हणून बाहेर पडतो. बाहेर सगळ्या इमारती सारख्या, सगळ्या पाट्यांवर डॉक्टरांचीच नावे! लेंड्रा पार्काच्या किंवा काचीपुऱ्याच्या बाजूला भांबावून उभा असलेला असा एखादा म्हातारा या भागात राहणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला आहे. शिवाय शहराच्या मध्यभागी मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन लोहमार्ग एकमेकांस छेदतात. चारी दिशांनी चुकीच्या गाडीत बसलेले पोर शेवटी उतरते ते पुष्कळदा नागपुरास.

आमच्या पेठेपासून हाकेच्या अंतरावर दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या समारंभाची सिद्धता भारतीय बौद्धजन समितीच्या नागपूर शाखेने, वामनराव गोडबोले यांच्या धडपडीने केली, आणि गर्दी सांभाळली ती समता सैनिक दलाने. हे दल बाबासाहेबांनी १९२७ साली, महाडच्या सत्याग्रहाच्या वर्षी उभे केलेले. तेव्हापासून दरवर्षी खेड्यापाड्यांतून माणसे येतात, लहान पोरे कडेवर घेऊन येतात, आणि दलाचे स्वयंसेवक गणवेशात उभे असतात. ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्यांची नावे पुकारली जातात. तो पुकारा ऐकताना मला नेहमी वाटते, की ज्या समाजाच्या वाट्याला शतकानुशतके चोराचा माग काढण्याची वेठ आली, त्याच समाजाने आपल्या हक्काच्या मैदानावर आपली हरवलेली पोरे शोधण्याची शिस्त स्वतः उभारली. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टीला चार ओळी मिळावयास हव्या होत्या.

जत्रेतले हरवणे संध्याकाळपर्यंतचे असते. त्याहून कठीण ते वर्षानुवर्षांचे. नागपुरातच घडलेल्या दोन घटना सांगतो. बोलता न येणारा, मंदबुद्धी असा एक आठ वर्षांचा मुलगा नागपूरच्या स्टेशनावर सापडला. तो अनाथालयात वाढला. अनाथालय बंद पडल्यावर ते चालविणाऱ्या कुटुंबाने त्याला घरातच ठेवून घेतले. शाळेत नाव घालण्यासाठी आधारपत्र हवे, म्हणून त्याला केंद्रावर नेले तर यंत्र त्याची नोंदणी पुन्हा पुन्हा नाकारू लागले. केंद्रावरच्या अधिकाऱ्याने कंटाळून फाईल मिटविली असती तर गोष्ट तेथेच संपली असती. त्याने कारण शोधले. या बोटांच्या ठशांची नोंद आधीच झालेली होती, मध्य प्रदेशात, दुसऱ्या नावाने. २०२१ साली तो मुलगा आपल्या आईबापांना भेटला. पुढच्याच वर्षी बिहारमधल्या एका अपंग तरुणाच्या बाबतीत याच शहरात असेच घडले. तो सहा वर्षे घरापासून दूर होता. वर्तमानपत्रांनी यंत्राचे कौतुक केले. मला यंत्रापेक्षा त्या कुटुंबाचे आणि त्या अधिकाऱ्याचे महत्त्व अधिक वाटते. यंत्राने 'नाही' एवढेच म्हटले होते, 'का नाही?' हे माणसाने विचारले.

येथे पोलिसांचा विषय निघणे अपरिहार्य आहे. आपल्याकडे पोलिसांना शिव्या देणे हा एक स्वस्त करमणुकीचा प्रकार आहे. पण कायद्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. अठरा वर्षांवरील माणूस आपल्या पायांनी घर सोडून गेला, तर तो गुन्हा नव्हे. पोलीस फक्त बेपत्ता म्हणून नोंद घेतात, वर्णन पाठवितात, आणि गुन्ह्यांच्या ढिगाऱ्याखाली ती नोंद दबून जाते. मुलांच्या बाबतीतही फार काळ हेच चालले. नोएडाजवळच्या निठारीत मुले एकामागून एक नाहीशी होत होती, आईबाप चौकीवर खेटे घालीत होते. २००६ च्या अखेरीस जे उघडकीस आले त्याने देश हादरला. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळविले गेले असावे असे धरूनच गुन्हा नोंदवावयाचा. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांच्या बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असेच बजावले आहे. शंभराव्या कलमाप्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेणे, बेपत्ता म्हणून त्याची नोंद करणे आणि त्याच्या घरच्यांचा शोध घेणे हे ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कायदा चांगला आहे. पण कायद्याला पाय नसतात. ते कोणी तरी द्यावे लागतात.

असे पाय देणारा एक पोलीसच होता. मुंबईच्या डी. एन. नगर ठाण्यातील सहायक उपनिरीक्षक राजेंद्र धोंडू भोसले. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्याच्या हद्दीतून १६६ मुली हरवल्या. भोसले आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांपैकी १६५ शोधून काढल्या. राहिली एक. ती जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जाताना नाहीशी झाली होती. २०१५ साली भोसले सेवानिवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणूस पेन्शनीचे कागद सांभाळतो. या गृहस्थांनी त्या मुलीचे छायाचित्र सांभाळले. ठाण्यात हेलपाटे घालीत राहिले, लोकांना विचारीत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये, नऊ वर्षांनंतर, ती मुलगी आईला भेटली. ती सापडली तेव्हा आपल्या घरापासून फार दूर नव्हती. तिची जुनी भित्तिपत्रके इंटरनेटवर शिल्लक होती. त्यांच्यावर जे दूरध्वनी क्रमांक छापले होते त्यांतला एकच, शेजाऱ्याचा, अजून चालू होता. त्या एका क्रमांकावर तिचे सगळे आयुष्य लोंबकळत होते! तिला भोसल्यांनी शोधले असे म्हणता येणार नाही. पण ते ज्या चिकाटीने तिचे नाव जागते ठेवीत होते, त्या चिकाटीला मी शोधच म्हणेन. जानेवारीपासून त्या मे महिन्यापर्यंत ते पोलीस होते, त्यानंतर स्वयंसेवक झाले. काम तेच राहिले.

पोलिसांबाहेरच्या मंडळींनी हे काम कसे अंगावर घेतले, याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडी नाहीत. १९९६ साली जिरू बिलिमोरिया यांनी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी सुरू केला. पुढे तो देशभर पसरला आणि अलीकडे सरकारने तो आपल्या यंत्रणेत घेतला. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी मुंबईत एका तरुणाला गटाराचे पाणी नारळाच्या करवंटीतून पिताना पाहिले. उपचार केले तेव्हा तो पदवीधर निघाला, आंध्रातला. त्यातून १९८८ साली 'श्रद्धा' ही संस्था निघाली आणि २००६ मध्ये कर्जतचे केंद्र उभे राहिले. २०१८ साली वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांवर मनोरुग्ण आपल्या घरी पोचले होते. त्यांचे कार्यकर्ते रोग्याला औषधाने थोडे भानावर आणतात, त्याच्या बोलण्यातून गावाचा धागा पकडतात, आणि त्याला घेऊन आगगाडी, मोटार, बैलगाडी जे मिळेल त्याने त्याच्या दारापर्यंत जातात. येथे शोधाची दिशा उलटी आहे. घरचे माणसाला शोधीत नसतात. माणूस सापडलेला असतो आणि घर शोधावयाचे असते.

घर सापडलेच नाही तर? याचे उत्तर आमच्या विदर्भात शंकरबाबा पापळकरांनी दिले आहे. अचलपूर तालुक्यातील वझ्झरच्या आश्रमात त्यांनी रेल्वेस्थानकांवर, उकिरड्यांवर सापडलेली मुकी, आंधळी, मतिमंद मुले वाढविली आणि त्यांच्या कागदांवर बापाच्या जागी स्वतःचे नाव लिहिले. सरकारी नियमाप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाने बालगृह सोडावयाचे. बाबांचे म्हणणे, ज्याला आपले नाव सांगता येत नाही त्याला अठराव्या वाढदिवसाला कोठे सोडू? त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा प्रश्न मात्र पद्मश्रीपेक्षा मोठा आहे.

डोंगरात हरवलेल्यांचे शोधक निराळे. खोपोलीचे यशवंती हायकर्स, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स ही सारी नोकरी-धंदा सांभाळणारी माणसे. रात्री निरोप आला की दोर आणि बॅटऱ्या घेऊन निघतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा पावसात, अंधारात, चिखलाची वाट चढून पहिल्यांदा जे वर पोचले त्यांत यशवंतीची मंडळी होती. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे अखेरपर्यंत सापडली नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. शोध थांबविण्याचा निर्णय हाही शोधाचाच भाग असतो, आणि बहुधा सर्वांत जड भाग.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरला पहाटे आमच्या नागपुरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, पंचशील चौकाजवळचा पूल खचला. जवळच मूकबधिर मुलांची शाळा आहे; तेथील मुलांना पथकांनी पाण्यातून बाहेर काढले. या बातमीने मी विचारात पडलो. आपत्तीत माणसे शोधताना आपण हाका मारतो, 'कोणी आहे का?' म्हणून विचारतो. ज्याला हाक ऐकू येत नाही आणि ओ देता येत नाही त्याच्यासाठी हा प्रश्न नसल्यासारखाच आहे. तेथे अमक्या घरात अमकी माणसे आहेत हे आधीपासून ठाऊक असलेला शेजारी लागतो.

या शास्त्राचा पाश्चात्त्यांनी पद्धतशीर अभ्यास केलेला आहे. विल्यम सिरोटक या अमेरिकन गृहस्थाने १९७० च्या दशकात हरवलेल्या माणसांच्या शेकडो नोंदी जमवून, कोण कसा वागतो हे तपासले. रॉबर्ट कोस्टर याने २००८ मध्ये ते काम फार पुढे नेले. त्यांतून निघालेल्या गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. लहान मूल शोधणाऱ्यांना भिऊन लपून बसते. आपलेच नाव ऐकून गप्प राहते. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध सरळ चालत जातो आणि झुडपात, खड्ड्यात, कुंपणापाशी अडकला की तेथेच थांबतो. तो हाकेला ओ देत नाही, आणि पुष्कळदा शेवटी दिसलेल्या जागेपासून फार लांब गेलेला नसतो. म्हणून पहिले काही तास आणि पहिला मैल यांना मोल असते. इंग्लंडात सपाट प्रदेशातील शोधासाठी स्वयंसेवकांची पथके आहेत. पोलिसांनी बोलाविल्यावाचून ती निघत नाहीत आणि निघाली की वीतभर जमीन सोडत नाहीत. जपानात कुशिरो या गावी १९९४ साली असे जाळे विणले गेले: वृद्ध हरवला की पोलिसांकडून टॅक्सीवाल्यांना, नभोवाणीला, दुकानदारांना एकदम खबर जाते. त्या देशाला त्याची गरजही तशीच आहे. २०२३ साली स्मृतिभ्रंशाने हरवलेल्यांच्या १९,००० हून अधिक नोंदी तेथील पोलिसांकडे झाल्या. आपल्याकडेही म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांच्या मागे जावयास घरात माणसे उरत नाहीत.

येथवर सारे गोड झाले. पण इतिहास लिहावयाचा तर कडू भाग गाळून चालणार नाही. १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसे जमावाने ठेचून मारली. पोरे पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. ही माणसे भिक्षा मागत हिंडणारी, मंगळवेढ्याकडची. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले. मारणाऱ्यांनाही आपण गावच्या पोरांचे रक्षण करीत आहो असेच वाटत होते. हरवलेल्या पोरासाठी पेटून उठणे आणि परक्या माणसाच्या जिवावर उठणे यांत अंतर किती थोडे आहे, हे राईनपाड्याने दाखविले.

ते अंतर कशाने पडते? मला वाटते तीन गोष्टींनी. पहिली, नोंद. कोण हरवले, केव्हा, कोठून, हे ठाण्यात लिहिलेले असले पाहिजे; राईनपाड्यात कोणाचेच पोर हरवले नव्हते. दुसरी, नेमणूक. शोधणाऱ्याला कोणी पाठविले आणि तो कोणाला जबाबदार आहे, हे ठरलेले पाहिजे. तिसरी, ओळखण्याची दृष्टी. रस्त्यावर चिंध्या पांघरलेला मनुष्य तीन प्रकारचा असू शकतो: एक घर हरवलेला, एक घर सोडलेला, आणि एक फिरणे हेच ज्याचे घर आहे असा. गाडगेबाबा १९०५ साली बायकापोरे सोडून निघाले तेव्हा घरच्यांनी त्यांना हरवलेलेच मानले असेल. फाटका वेष, डोक्यावर मडके, हातात काठी. कोणी त्यांना वेडा म्हणून बांधून घातले असते तर महाराष्ट्राची केवढी हानी झाली असती! आणि डवरी गोसावी तर पिढ्यान्‌पिढ्या फिरतच आले. या तिघांना वेगळे ओळखावयाचे तर उपाय एकच, थांबून विचारावयाचे, आणि उत्तर येईपर्यंत हात आवरावयाचा.

हाच मोबाईल शहाणपणाने वापरता येतो, हेही महाराष्ट्रातच दिसले आहे. नाशिक, पुणे, अहिल्यानगर जिल्ह्यांत 'ग्रामसुरक्षा यंत्रणा' म्हणून एक योजना पोलिसांच्या साहाय्याने चालते. मूल हरवले, चोर आले, आग लागली की ठरलेल्या क्रमांकावर स्वतःच्या आवाजात खबर द्यावयाची. ती गावातल्या नोंदणी झालेल्या सर्वांना एकाच वेळी ऐकू जाते. खबर देणाऱ्याचा आवाज आणि क्रमांक तेथे उमटलेला असतो, म्हणून वाटेल ते बोलता येत नाही. अफवेला बाप नसतो. या खबरेला असतो. जुन्या दवंडीचेच हे नवे रूप. दवंडी पिटणारा कोतवालही सर्वांना माहीत असलेला माणूस होता.

माझ्या रामदासपेठेत असे एखादे पथक निघावे, असे मला फार दिवस वाटते. त्याला मोठे भांडवल नको. प्रत्येक दवाखान्याच्या दारावरचा पहारेकरी, चौकातला चहावाला, ऑटोरिक्षावाले, वृत्तपत्र टाकणारी मुले, दोन निवृत्त शिपाई, चार महाविद्यालयीन मुलगे आणि तितक्याच मुली. ठाण्याशी जोडलेली नावे, गळ्यात ओळखपत्र, आणि एक वही. खबर ठाण्याकडून आली की पहिल्या तासात पहिला मैल पायी तुडवावयाचा. माणूस सापडला की त्याचे छायाचित्र गावभर फिरवावयाचे नाही. त्याच्या दुर्दशेचा तमाशा मांडावयाचा नाही. जाणता प्रौढ मनुष्य आपल्या इच्छेने गेलेला आढळला आणि परतावयास राजी नसला, तर तो सुखरूप आहे एवढेच घरी कळवावयाचे. आणि सापडला नाही तर वही मिटावयाची नाही.

या वहीचे महत्त्व मला माझ्या धंद्याने शिकविले. शाळेत रोज सकाळी मी हजेरी घेतो. साठ नावे वाचावयाची, साठ वेळा 'हजर' ऐकावयाचे. परक्याला हे काम कंटाळवाणे वाटेल. पण त्या यादीचा उपयोग जे हजर असतात त्यांच्यासाठी नाहीच. एखाद्या नावापुढे उत्तर येत नाही, वर्ग क्षणभर गप्प होतो, आणि तेवढ्यात कोणी तरी म्हणते, 'सर, तो तीन दिवस आला नाही.' मग एखाद्या पोराला त्याच्या घरी पाठवावयाचे. मागच्या सगळ्या शतकांत दुबळ्या माणसाच्या वाट्याला हेच आले नव्हते: त्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते, म्हणून तो गैरहजर आहे हे कोणाच्या लक्षातही येत नव्हते. सारा भरणाऱ्यांची यादी होती, सैनिकांची होती, कैद्यांची होती. पाऊणशे वर्षांचा विसराळू म्हातारा, बोलू न शकणारे पोर, भ्रमिष्ट सून यांची नावे रोज पुकारणारे कोणी तरी प्रत्येक मोहल्ल्यात असावे, एवढेच माझे मागणे आहे.